कानसेन मिस्त्री आणि रोपांचा ट्रक

मिस्त्रींना गल्लीत सगळे कानसेन म्हणत, आणि त्यात थट्टा कमी, आदर जास्त होता. गाडी गॅरेजच्या दारात वळली की आत पाना धरून बसलेले मिस्त्री मान वर न करता सांगत, दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढिला आहे. आणि तो असेच. त्यांच्या उस्तादांनी पहिलं वर्षभर त्यांना हत्याराला हात लावू दिला नव्हता, नुसतं ऐकायला बसवलं होतं. डोळे मिटायचे, इंजिन सुरू, आणि उस्ताद पाठीमागून विचारणार, आता काय बदललं? चुकलं की सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. त्या वर्षी मिस्त्रींनी पुष्कळ कप धुतले.

पुढे कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शनची इंजिनं आली आणि पेट्रोल किती सोडायचं ते एका डबीतला मेंदू ठरवू लागला. बरोबरीचे कितीतरी मिस्त्री तेव्हा हात टेकून बसले. यांनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात घातलं, दुसरं इंजिनावर फिरवलं आणि काम चालू ठेवलं. इंजिन जुनं असो की नवं, चोरून हवा ओढताना ते सूं करणारच, असं त्यांचं म्हणणं.

तो सूं आवाज गेली दोन वर्षं त्यांना ऐकू येत नव्हता. घणाचे घाव ऐकू येत, माणसं मोठ्यानं बोलली तर कळत, पण बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते, पाहुणे उठून जावेत तसे. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी डिप्लोमा करून त्यांच्याच गॅरेजात काम करत होती आणि इंजिनांच्या गोंगाटात मोठ्यानंच बोलायची. तिनं काही दाखवायला बोलावलं की मिस्त्री म्हणत, तूच बघ, शिकायला नको का? गिऱ्हाइकं कौतुकानं माना डोलवत. मुलीला कसं तयार करतोय बघा, म्हणत.

मिस्त्रींना बहिरेपणाची लाज नव्हती. भीती होती ती मुलीच्या मायेची. तिला कळलं की ती खुर्ची आणून देईल, हातात पेपर ठेवील आणि म्हणेल, बाबा, तुम्ही नुसते बसा. नुसतं बसणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं की ज्या दिवशी कानानं दगा दिल्यामुळे गाडीचा आजार सापडायचा राहील, त्या दिवशी गॅरेजच्या चाव्या आपणहून तिच्या हातात द्यायच्या. कुणी सांगायच्या आत.

अशात एका सकाळी रोपवाल्या बाई आपला जुना पेट्रोलचा छोटा ट्रक घेऊन आल्या. मागे कुंड्या, पुढे बाई स्वतः चालवत. त्यांचे यजमान होते तेव्हा ट्रक याच गॅरेजात यायचा. ते गेल्यावर बाई जवळच्या दुसऱ्या गॅरेजात जाऊ लागल्या होत्या. तिथे त्यांनी पंप बदलला, फिल्टर बदलला, एक सेन्सर बदलला. ट्रकनं कशाचीच दाद दिली नाही. मुलीनं स्कॅनर जोडला. आकडा बघून ती म्हणाली, इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, मेंदू बिचारा पंचवीस टक्के जादा सोडतोय तरी पुरत नाही. इंजेक्टर काढून बघावे लागतील.

मिस्त्रींनी तिला थांबवलं आणि बाईंना विचारलं की ट्रक जास्त त्रास कधी देतो. बाईंना बागेच्या या टोकाकडून त्या टोकाला हाका मारायची सवय, त्यामुळे त्यांचं बोलणं मिस्त्रींना स्वच्छ ऐकू येत होतं. उभा असला की थरथरतो, बंद पडतो. पळायला लागला की शहाण्यासारखा पळतो.

"मग पेट्रोल कमी नाही, हवा जास्त आहे," मिस्त्री मुलीला म्हणाले. "कपभर चहात चमचाभर पाणी पडलं की पाणचट होतो. पातेलंभर चहाला पत्तासुद्धा लागत नाही. उभी गाडी कपभर पिते, पळती पातेलंभर."

मुलीनं इंजिनाचे फेरे वाढवून पाहिले. आकडा पंचवीसवरून चारवर आला. तिनं बाबांकडे असं पाहिलं की मिस्त्रींना क्षणभर तीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

पण हवा शिरते आहे एवढं कळून भागत नाही, कुठून ते कळावं लागतं. त्यांनी नळी कानात घातली. दुसरं टोक सांध्यासांध्यावरून फिरवलं. कानात कापूस कोंबल्यासारखी शांतता. मुलगी वाट बघत होती, बाई वाट बघत होत्या. मिस्त्रींनी अंदाजानं एका पिचक्या रबरी पाइपवर बोट ठेवलं. मुलीनं तो बदलला. आकडा जागचा हलला नाही. तिनं इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या बुडाकडे हात नेला तसे मिस्त्री फटकन म्हणाले, तिथे वेळ घालवू नकोस, तो सांधा माझ्या हातचा आहे.

आणखी दोनदा नळी फिरवली. मग ते सरळ उभे राहिले. नळी कानातून काढली. दुसरा हात खिशातल्या चाव्यांवर गेला होता.

"मला ऐकू येत नाहीये," ते म्हणाले.

"पंखा बंद करू का?"

"पंख्यानं नाही, बाळ. दोन वर्षं झाली."

बाई एकदम कुंड्यांमधलं गवत उपटायला लागल्या. मिस्त्रींचा डोळा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. पण मुलगी खुर्चीकडे वळलीच नाही. तिनं त्यांच्या हातातली नळी घेतली, पुसली आणि स्वतःच्या कानात घातली.

"काय ऐकायचं, सांगा."

मिस्त्री सांगू लागले. टकटक सोडून दे, ती इंजेक्टरची. घुमतंय तेही सोड. त्याच्या खाली, दातांच्या फटीतून श्वास घेतल्यासारखं काही आहे का बघ. घाई नको. बोट बोट पुढे सरक. मुलीनं डोळे मिटले. नळीचं टोक सरकत सरकत थ्रॉटलच्या बुडाशी आलं आणि थांबलं.

"इथे आहे."

"तिथे नसणार. सांगितलं ना, माझ्या हातचं आहे ते."

"बाबा, तिथेच आहे."

मिस्त्रींनी हट्टानं मान हलवली. मुलीनं पाणी फवारायची बाटली उचलली आणि फट असलीच तर क्षणभर बुजेल असा त्या सांध्यावर एक फवारा मारला. मडगार्डवर टेकलेल्या मिस्त्रींच्या तळहाताखालची थरथर विरली आणि दोन श्वासांनी परत आली. आकडा बघायची त्यांना गरज उरली नाही.

सांधा उघडला. आतलं, हवा अडवणारं पॅकिंग वाळलेल्या पानासारखं मोडून हातात आलं. विकतचं नव्हतंच ते, पुठ्ठ्याचं होतं, कडेनं हातोडीनं ठोकून कापलेलं. एका तुकड्यावर निळ्या शाईची अर्धी ओळ होती. बाई पुढे वाकल्या आणि खुदकन हसल्या. तो पुठ्ठा त्यांच्या यजमानांच्या बिलांच्या फाइलचा होता. बारा वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात ट्रक इथेच अडला होता, पॅकिंग यायला आठवडा लागणार होता आणि मागे दोनशे रोपं सुकत होती. यजमान बादलीनं पाणी मारत होते, मिस्त्री हातोडी मारत होते आणि दोघे एकमेकांना शिव्या घालत हसत होते. आठवड्यानं या, खरं पॅकिंग बसवू, असं मिस्त्री म्हणाले होते.

"ते म्हणायचे, पुठ्ठा आहे तोवर कानसेनाकडे जायला निमित्त आहे," बाई म्हणाल्या. "मग राहूनच गेलं."

मिस्त्री तो तुकडा बराच वेळ बोटांत फिरवत उभे होते. संध्याकाळपर्यंत दुकानातून पॅकिंग आलं, बसलं. आकडा तीनवर स्थिर झाला. तेव्हा मिस्त्रींनी चाव्या काढून बॉनेटच्या कडेवर ठेवल्या आणि म्हणाले, आता ह्या तुझ्याकडे राहू देत.

मुलीच्या कानात नळी अजून तशीच होती. तिनं चाव्यांकडे पाहिलंच नाही.

"मागच्या बाजूला काहीतरी वाजतंय, बाबा. मला ओळखू येत नाही."

"जड की हलकं?"

"हलकं."

"फेरे वाढव," मिस्त्री म्हणाले आणि बाह्या सारून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "आता सांग, त्याचे ठोके जवळजवळ येतायत का?"