सिदूचा अंगठा

दूधवाला असो की सख्खा मेव्हणा, आधी बोट बुडवून बघायचं, ही माझी जुनी खोड. नारायणराव म्हणजे संशयी माणूस, असं अख्खं मुरुम गाव म्हणतं. म्हणू दे. पण ह्या सिदूवर मात्र मी डोळे झाकून विसंबायचो.

सिदू मेंढरं राखणारा. हुरड्याच्या दिवसांत माझ्या मचाणावर चढला की ज्वारीवर पाखरू उतरायचं न्हाय. गोफणीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं अंगठ्यानं दाबून धरायचं, गरगर फिरवायचं आणि नेमक्या वेळी अंगठा सोडायचा. सगळी करामत त्या अंगठ्याची.

गेल्या हंगामात त्याचा धोंडा माझ्या कपाळावर बसला. तीन टाके! आदल्याच दिवशी त्याची मेंढरं माझ्या करडईत शिरली म्हणून मी त्याला शिव्या घातल्या होत्या. तो पाया पडून म्हणाला, "आण्णा, दिवाळीत कडबाकुट्टीच्या मशिनीत हात गेला, तवापासनं अंगठा बधिर हाय. काम जाईल म्हणून बोललो न्हाय. दोरी कवा सुटली, कळलंच न्हाय." अंगठा तर जागच्या जागी दिसत होता. म्हटलं, सोंग करतंय बेणं. पारावर बसून मीच सगळ्यांना सांगितलं, ह्यानं नेम धरून मारलं. तेव्हापासून त्याला कुणी रानात उभं करंना.

परवा आठवडी बाजारात शंभुलिंगच्या दुकानापुढं गर्दी दिसली. मोबाइल दुरुस्तीच्या जोडीला त्यानं टीव्हीवर गेम लावलेत. डोकावलो, तर आत सिदू! हातात बटनांचा रिमोट आणि टीव्हीतला गडी सारखा खड्ड्यात पडतोय. पोरं खिदळत होती.

शंभुलिंगनं तो रिमोट काढून घेतला आणि काठीसारखी एक वस्तू त्याच्या मनगटाला पट्ट्यानं बांधली. "सिदूमामा, ह्यात बटन दाबायचं न्हाय. हात फिरंल तसा चेंडू जाईल."

सिदूनं हात फिरवला. टीव्हीतलं मडकं फुटलं. मग दुसरं, तिसरं, दहाच्या दहा! पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझं मात्र डोकं सटकलं.

"व्हय रं सिद्या! एवढा नेम असलेला माणूस चुकतो व्हय? म्हणजे मला मुद्दामच हाणलंस!"

सिदू हळूच म्हणाला, "आण्णा, हितं अंगठा लागत न्हाय, खांदा फिरला की झालं. त्या बटनांना अंगठा लागतुया, तितं मी पडतुया. गोफणीलाबी अंगठाच लागतुया."

"लई शहाणा झालास! घे परत ते बटनांचं. मी स्वतः तपासतो."

सिदूनं मुकाट्यानं रिमोट घेतला. मी शेजारी बसलो. म्हटलं, "हाताकडं बघायचं न्हाय. टीव्हीकडं बघ." त्यानं मान वर केली. गडी पळायला लागला आणि मी माझ्या अंगठ्याचं नख त्याच्या अंगठ्यात रोवलं. आता ओरडतो, मग ओरडतो, म्हणून वाट बघत राहिलो. अजून जीव खाऊन दाबलं. गडी खड्ड्यात पडला. सिदूची पापणीसुद्धा हलली न्हाय.

"तपासताय न्हवं, आण्णा?" टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला. "दाबा की आता."

मी खाली बघितलं. माझं नख रक्तानं भरलं होतं आणि रिमोटच्या बटनांवर थेंब पडत होते. वर्षभर ह्या माणसाच्या चुलीवर मी पाणी ओतलं होतं, नुसत्या माझ्या जिभेनं.

मी उठलो. गर्दीकडं तोंड करून म्हणालो, "ऐका रं समदे. सिदूनं मला मुद्दाम मारलं न्हाय. खोटं मी बोललो."

तेव्हा कुठं सिदूनं टीव्हीवरची नजर काढली. आधी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं.

"अगं आई! आण्णा, हे रक्त कुणाचं?"