मागायला येणारा चेहरा

अमेरिकेत शॉमबर्गमध्ये घर घेतलं, त्याच वर्षी एका इस्टेट सेलमध्ये मला तो मुखवटा मिळाला. घरातला म्हातारा वारला होता आणि त्याची मुलगी दुसऱ्या राज्यातून येऊन सोफ्यापासून सुऱ्यांपर्यंत सगळं विकत होती. मुखवटा गराजमधल्या एका खोक्यात पालथा पडला होता. काळं गुळगुळीत लाकूड, उंच कपाळ, फटीसारखे अरुंद डोळे आणि काहीतरी बोलायला निघाल्यासारखे ओठ. आफ्रिकेतला आहे, एवढंच तिला माहीत होतं. मला तो फार सुंदर वाटला. डायनिंग टेबलासमोरच्या भिंतीवर मी तो लावला. घरात मी एकटीच, त्यामुळे रोज त्याच्याकडे बघतच जेवायचे.

थंडी सुरू होताना आई नागपूरहून आली. मी बॅगा आत घेत होते, तोवर ती कोट न काढताच टेबलाजवळ जाऊन उभी राहिली.

“हा कोण पाहून राहिला?” तिनं विचारलं.

हे काय आहे, असं तिनं विचारलं नाही. मला हसू आलं. आई शाळेत विज्ञान शिकवायची. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडून दिले, हे ती आजही अभिमानानं सांगते. तिच्यासमोर कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं की ती विचारते, “तू स्वतः पाहिलं का?”

काही दिवसांनी ती पोळ्यांवरून वैतागायला लागली. “दोघींपुरती कणीक भिजवते. इतक्या वर्षांचा हात आहे माझा. तरी रोज एक पोळी जास्तच होते.” मी म्हटलं, इथलं पीठ वेगळं आहे. तिला ते पटलं नाही. एकदा पोळी लाटता लाटता ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “घरात कुणी जेवायचं राहिलं आहे असं वाटते मला.” मग स्वतःवरच चिडून तिनं नळ जोरात सोडला.

आमच्या शेजारी एक लायबेरियाची बाई राहायची. नर्स होती. आईशी तिची खुणांनी मैत्री जमली होती. एका दुपारी ती चहाला म्हणून आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

“हा तुमच्याकडे कसा आला?” तिनं मला इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं. ती खुर्चीत बसली, पण भिंतीकडे पाठ होईल अशी नाही.

“आम्ही याला मुखवटा म्हणत नाही,” ती म्हणाली. “जंगलात कुणीतरी असतो. त्याला गावात यायचं असतं, पण चेहरा नसतो. मग तो एखाद्याच्या स्वप्नात येऊन सांगतो, मला चेहरा कोरून दे. हा भांडखोर नाही, गरीब आहे. माझ्या आईच्या गावात मुलांना शिकवायला जंगलात नेऊन ठेवायचे. तेव्हा हा बायकांच्या दारात यायचा, मुलांसाठी जेवण मागायला.”

मी आईला मराठीत सांगितलं. शेवटच्या वाक्याला आईनं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. पोळ्यांचं मी शेजारणीला कधीच बोलले नव्हते.

“काढून टाकू?” मी विचारलं.

“टाकू नकोस,” शेजारीण घाईनं म्हणाली. “माझ्या मामांना विचारते. त्यांच्या घराण्याकडे हे सांभाळायचं काम होतं.”

ती गेल्यावर आई म्हणाली, “योगायोग आहे. मामाबिमा कुणाला बोलवायचं नाही.” मीही हो म्हटलं. मुखवटा तिथंच राहिला.

रविवारी आम्ही श्रीलंकेच्या लोकांच्या विहारात जायचो. विहार म्हणजे एक साधं घरच, बाहेर पार्किंग आणि बास्केटबॉलची रिंग. त्या हिवाळ्यात तिथं बुद्धाची नवी मूर्ती आली होती. पांढरी, सगळी पूर्ण, फक्त डोळे कोरे. भन्तेंनी सांगितलं, डोळे रंगवेपर्यंत ही नुसती वस्तू आहे. ते रंगवायला एक चित्रकार येणार होता. तो मूर्तीकडे पाठ करून बसणार, आरशात बघून खांद्यावरून ब्रश नेणार, कारण उघडणाऱ्या डोळ्यांची पहिली नजर माणसाला सोसत नाही.

“बुद्धाला डोळे माणसानं द्यायचे?” आई मला म्हणाली. पण बघायला आली.

त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बाहेर बर्फात उभे होतो. आतून सुत्तपठण ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. दार उघडलं आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या चित्रकाराला दोघांनी धरून आणलं. अंगणात पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं ठेवलं होतं. पट्टी सोडल्यावर त्यानं आधी मडक्याकडे बघायचं आणि ते फोडायचं, म्हणजे त्याच्या डोळ्यांत उतरलेली ती नजर तिथंच संपते. पण धरणाऱ्यांतला एक जण बर्फावरून घसरला. पट्टी ओढली गेली आणि चित्रकाराची मान आमच्याकडे, थेट आईच्या दिशेनं वळली. क्षणभरच. लगेच त्याला फिरवलं, मडकं फुटलं, लोकांनी साधू साधू म्हटलं. भन्ते मात्र सरळ आईकडे आले आणि तिच्या हातावर पाणी घालून पुटपुटत राहिले.

गाडी हायवेवर आल्यावर आई म्हणाली, “पन्नाशीचा माणूस असेल तो. पण मला पाहिलं ते त्यानं नाही.”

“मग कुणी?”

“मला काय माहीत? आतापर्यंत वाटायचं, बघणारे आपणच. मूर्ती काय, चित्र काय, आपण बघतो म्हणून आहेत.” तिनं हात शालीत घेतले. “त्या मामांना बोलाव.”

मामा पुढच्या शनिवारी आले. उंच, सूट घातलेले, अतिशय अदबशीर गृहस्थ. त्यांनी मुखवटा दोन्ही हातांनी उतरवला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याशी त्यांच्या भाषेत हळू आवाजात बोलायला लागले. मध्येच थांबायचे. उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढे थांबायचे.

“काय म्हणतात?” आईनं मला विचारायला लावलं.

“प्रवास लांबचा आहे, तयार हो, असं सांगताहेत,” शेजारीण म्हणाली.

आईनं विहारात नेसायची तिची पांढरी साडी आणून दिली. मामांनी त्यात मुखवटा गुंडाळला, बाहेर नेला आणि गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावला. आम्ही दारात उभ्या होतो. गाडी निघाली तशी आईनं सवयीनं हात वर केला आणि घरून जाणाऱ्या कुणालाही म्हणते तसं म्हणाली, “या हं!”

मग तिनं पटकन तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.