न धुतलेली टाकी

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ पडला होता, तेव्हा औशात माझं गॅरेज होतं. एक गुरुजी मोटारसायकलची तडकलेली पत्र्याची टाकी घेऊन आले. पेट्रोल काढलं तरी आत वाफ राहते. म्हणून टाकी धुऊन, पाणी भरूनच तापल्या सळईनं कथील लावून तडा सांधायचा, हे मला ठाऊक होतं.

"मिस्त्री, आधी पाणी नाही का भरायचं?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, प्यायला न्हाई, अन् तुमच्या टाकीला आंघोळ घालू का?"

ते हसले आणि टाकी धरून बसले. सळई टेकताच भडका उडाला. त्यांचे दोन्ही हात भाजले.

गॅरेज बंद पडेल या भीतीनं मी लोकांना सांगितलं, गुरुजींनी बिडी पेटवली. ते बिडी ओढतच नव्हते. लोक म्हणाले, लपून ओढत असतील. पुढं वाकड्या बोटांत खडू धरून ते शिकवायचे. मला भेटले की नुसता रामराम करायचे. ते गेले, तरी पेट्रोलचा वास आला की ती बोटं दिसतात.

बिडी नव्हती. गॅरेजमागच्या रांजणात दोन घागरी पाणी होतं. बायकोनं ते माझ्या आंघोळीला ठेवलं होतं.