भिंतीपलीकडचं हरीण

ठाण्यात घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुरू होतं. महाशिवरात्रीच्या रात्री या भिंतीपलीकडे रताळ्याच्या सालांचा ढीग पडतो. दोनशे आठ फ्लॅट आहेत, निम्म्या घरांत उपास असतो. सालं कचऱ्यात न टाकता हरणांना द्यायची, ही पद्धत इथे आधी राहायला आलेल्या काही कुटुंबांनी सुरू केली. त्यात पुण्य आहे असं सगळ्यांना वाटलं, म्हणून ती टिकली. सालांबरोबर केळी, कलिंगडाच्या फोडी, बेलाची पानंही जातात. सकाळी चितळं येतात, लोक गॅलरीतून फोटो काढतात. सालांच्या वासाने भटकी कुत्रीही येतात, पण फोटोत ती कोणी घेत नाही.

यंदा शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी माझी बायको सकाळी चालून आली ती पायात बूट तसेच ठेवून थेट स्वयंपाकघरात. ती कधीच असं करत नाही.

"अहो, कुत्र्यांनी हरीण धरलं होतं. मादी आहे. वॉचमनने दगड मारले तेव्हा सोडलं. मागचा पाय ओढत नाल्यातून वर गेली. तिला शोधायला पाहिजे."

मी वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. समोरच्या माणसाने जागा, प्राणी, जखम कुठे, सगळं नीट विचारून घेतलं. पथक दुसऱ्या ठिकाणी गेलं होतं, तिथलं उरकून येणार होतं. तोवर आत कोणी जायचं नाही, मागे लागायचं नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. मी फोन ठेवला तोवर बायकोचा तिच्या धाकट्या भावाला फोन करून झाला होता.

तो ठाकुर्लीला राहतो. लग्नाचं शूटिंग हा त्याचा धंदा. हळदीला वरून ड्रोन फिरलाच पाहिजे, ही मागणी आता दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत प्रत्येक घरात असते, आणि त्याच्याकडे बऱ्यापैकी ड्रोन आहे. त्याला नोंदणी क्रमांक आहे, मेहुण्याकडे उडवण्याचं प्रमाणपत्र आहे. ते काढायला मीच त्याच्या मागे लागलो होतो, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे. बाइकवरून तो आला तेव्हा डोळे लाल होते.

"काल दिव्याला शिवरात्रीच्या जागराचं शूटिंग होतं, पहाटे आलेलो घरी," तो म्हणाला. "ताई म्हणाली अर्जंट. गच्चीची चावी कुणाकडे आहे?"

चावी आमच्या सेक्रेटरींकडे होती आणि ते ती घेऊनच उभे होते. बातमी सगळ्या विंगांमध्ये गेली होती. आम्ही गच्चीवर पोचेपर्यंत दहाबारा माणसं जमली होती. मेहुण्याने बॅगेतून ड्रोन काढला, पाती उघडली. तेव्हा मी म्हणालो, "थांब. उडवायचा नाही."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मी सोसायटीचा खजिनदार आहे, आणि सही नसलेलं बिल मी पास करत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"खजिनदार साहेब, पाच मिनिटांचं काम आहे हो," ते म्हणाले. "आता हरणाकडून पण व्हाउचर घेणार का? तीन सह्या आणि एक खूर?"

लोक हसले. मलाही हसू आलं, पण मत बदललं नाही.

मेहुण्याचा मुद्दा मात्र थट्टेचा नव्हता. "भावोजी, ॲपच्या नकाशावर आपल्या बिल्डिंगवर उडवायला बंदी नाही. मी हद्द ओलांडतच नाही ना. गच्चीवर सरळ वर नेतो आणि कॅमेरा तिकडे वळवतो. कॅमेऱ्याला कुठली हद्द?"

हा प्रश्न मी मनात दोन्ही बाजूंनी तपासला. नियमाचं नुसतं अक्षर बघितलं तर त्याच्याकडे थोडी जागा होती. पण मला त्याचं बोलणं पटलं नाही, कारण तो वर नेणार, काही दिसणार नाही, मग थोडा पुढे नेणार, मग आणखी थोडा. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. आणि भिंतीपलीकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. आणखी एक गोष्ट मी पूर्वी वाचली होती, ती मी तिथेच फोनवर उघडून सगळ्यांना वाचून दाखवली. वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. जनावर पकडणं, त्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, हेही शिकारीतच धरलं आहे.

"आपण वाचवायला जातोय," बायको म्हणाली. "शिकार कसली?"

"ते आपण नंतर सांगणार. आधी ते हरीण काय समजेल ते बघ." मी मेहुण्याकडे वळलो. "टिटवाळ्याच्या त्या लग्नात नवरदेवाचा घोडा बिथरला होता. कशाने?"

त्याने हातातला ड्रोन खाली ठेवला. घोडा ड्रोनच्या आवाजाने उधळला होता आणि नवरदेव मंडपाच्या कनातीत जाऊन पडला होता. ही गोष्ट त्यानेच आम्हाला रंगवून सांगितली होती.

"तो घोडा माणसांत वाढलेला, बँडची सवय असलेला," मी म्हणालो. "हिचा पाय फाटलाय. डोक्यावर हे घोंघावायला लागलं तर ती उरलेल्या तीन पायांवर डोंगर चढेल. आणि ड्रोन जप्त झाला तर तुझा अख्खा सीझन जाईल. तो भाग मी शेवटी मोजतोय, पण मोजतोय."

बायको माझ्याशी फार कमी वेळा चिडून बोलते. तेव्हा बोलली. "तुमचे नियम पाळून होईपर्यंत ती मरेल."

"मरू शकते," मी म्हणालो. खोटा धीर द्यायचा नव्हता. "पण नुसतं बसून राहायचं असंही मी म्हणत नाहीये. परवानगी मागू."

मी हेल्पलाइनला पुन्हा फोन केला, आमच्या भागाच्या वनरक्षकांचा नंबर मिळवला आणि त्यांना मेसेज पाठवला. ड्रोनचं वजन, नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र, कुठून उडवणार, किती उंचीवर, बॅटरी किती चालते. कंपनी अर्धा तास म्हणते. मेहुण्याला विचारलं तर म्हणाला, वारा असला की वीस मिनिटं. मी वीस लिहिलं.

वनरक्षक एक तरुण बाई होत्या. दोन सहकाऱ्यांबरोबर त्या मागच्या गेटने आल्या, सालांच्या ढिगाकडे बघून काही न बोलता नाल्यात उतरल्या. वाळलेल्या पानांवर रक्ताचे थेंब होते, तेवढ्यावरून माग काढत तिघं वर गेली. तासाभराने परत आली. वर कातळ लागला होता आणि तिथून पुढे माग नव्हता.

सेक्रेटरींनी त्यांना विचारलं, "मॅडम, एक विचारू? जंगलात बिबळ्या पण हरणं मारतो. मग हिच्यासाठी एवढं कशाला?"

"बिबळ्याने धरली असती तर आम्ही आलोच नसतो, काका," त्या म्हणाल्या. "ते त्याचं जेवण. पण कुत्री तुमच्याकडची, आणि हरणांना खाली बोलवलंत तुम्हीच. रताळी छान आहेत. पुढच्या वर्षी घरातच खा."

मग त्या माझ्याकडे वळल्या. माझा मेसेज त्यांनी वरच्या साहेबांना पाठवला होता. आता तिथेच उभं राहून त्यांनी फोनही केला आणि कातळापुढे माग नाही, पायी सगळा उतार शोधायला गेलो तर ती आणखी पळेल, हे सांगितलं.

परवानगी आली तेव्हा दुपार झाली होती. मेसेजमध्ये अटी होत्या. वनरक्षक शेजारी उभ्या राहणार. ड्रोन झाडांच्या बराच वर ठेवायचा आणि प्राणी दिसला तरी खाली आणायचा नाही. दिसली की जागा टिपून लगेच मागे फिरायचं. चित्रीकरण खात्याला द्यायचं, स्वतःकडे ठेवायचं नाही. मी अटी मेहुण्याला वाचून दाखवल्या आणि त्याच्याकडून प्रत्येकीला हो म्हणवून घेतलं. तो म्हणाला, "भावोजी, लग्नातले सप्तपदीचे भटजी पण एवढं वदवून घेत नाहीत."

सागाची पानं गळून गेलेली होती, त्यामुळे वरून जमीन दिसत होती. पण सगळी एकाच रंगाची, तपकिरी. चितळाचा रंगही तोच. गच्चीवर आम्ही चौघं स्क्रीनवर वाकलो होतो. मेहुणा उतारावरून शेतात नांगर फिरवावा तसा ड्रोन इकडून तिकडे नेत होता. निम्मी बॅटरी संपली. काही नाही.

"ते बघ," बायको म्हणाली. "ती कुत्री."

दोन कुत्री करवंदीच्या जाळीपासून थोड्या अंतरावर सावलीत बसली होती. झोपली नव्हती, बसली होती, आणि दोघांची तोंडं जाळीकडे होती. जाळीत काहीच दिसत नव्हतं.

"थोडा खाली घेऊ?" मेहुण्याने विचारलं. त्याचा अंगठा आधीच हलला होता.

"नाही," मी आणि वनरक्षक एकदमच म्हणालो.

त्याने ड्रोन मागे वळवला. जागा वनरक्षकांनी फोनवर टिपून घेतली. तोवर पथकाची गाडी डॉक्टरांना घेऊन आली होती. माणसं खालच्या बाजूने वळसा घालून गेली, कुत्र्यांना लांब हुसकलं आणि जाळीला जाळं लावलं. आम्हाला गेटच्या आतच थांबायला सांगितलं होतं. आम्ही थांबलो.

ती जिवंत होती. स्ट्रेचरवरून आणली तेव्हा डोळ्यांवर कापड बांधलेलं होतं. काही दिसलं नाही की हरीण शांत राहतं, असं डॉक्टर म्हणाले. मांडीचं मांस बरंच फाटलं होतं. पोट भात्यासारखं हलत होतं. लोक मोबाइल वर करायला लागले तेव्हा बायको मधे उभी राहिली आणि म्हणाली, "ठेवा ते खिशात." सगळ्यांनी ठेवले. मी एवढ्या वर्षांत मीटिंगमध्ये इतका एकमताचा ठराव बघितलेला नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. ग्रुपवर टाकायला ड्रोनचा व्हिडिओ हवा होता, निदान दहा सेकंद. मी सांगितलं की कार्ड वनरक्षकांनी नेलं, आणि नेलं नसतं तरी दिलं नसतं. हरणं कुठे लपतात ते वरून दिसतं. चांगल्या माणसांच्या ग्रुपवरून तो व्हिडिओ कुठे जाईल ते मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर मी सही करत नाही. ते चहा न घेता गेले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा घेतला.

पुढे काही आठवड्यांनी डॉक्टरांनी आमचा फोन घेतला. बायकोने स्पीकर लावला होता. हरीण खात होतं, जखम भरली होती, पण तो पाय ती टेकत नव्हती. तिला जंगलात सोडता येणार नव्हतं, आता कुंपणातच ठेवणार होते.

"डॉक्टर, एक खरं सांगा," बायको म्हणाली. "सकाळीच ड्रोन उडवला असता तर?"

"वहिनी, लवकर औषध मिळालं असतं तर पाय कदाचित वाचला असता. आणि आवाजाने घाबरून वर चढली असती तर आम्हाला ती मिळालीच नसती. घाबरून धावलेली हरणं जखमेपेक्षा धावण्याने मरतात. यातलं काय झालं असतं, मला नाही सांगता येणार."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "म्हणजे तुमचंच बरोबर होतं, असं नाही."

"नाही," मी म्हणालो. "पण पुन्हा वेळ आली तर मी थांबच म्हणेन."

"आणि ती पुन्हा दुपारपर्यंत तशीच पडून राहील."

कायदा बरोबर होता, परवानगी मागणं बरोबर होतं, आणि पायही गेला होता. यातली एकही गोष्ट दुसरीतून वजा होत नाही. कमी करता येण्यासारखा होता तो फक्त मधला वेळ.

म्हणून मी अर्ज केला. अशा वेळी पथकाच्या देखरेखीखाली वापरता येतील असे ड्रोन आणि उडवणारे यांची माहिती खात्याने आधीच तपासून ठेवावी, म्हणजे परवानगीला सकाळची दुपार होणार नाही, एवढंच त्यात आहे. मेहुण्याची कागदपत्रं जोडली आहेत. तो म्हणतो, लग्नाचा दिवस असला तरी मी येईन, फेरे सोडून बाकी काहीही सोडेन. अर्ज वर गेला आहे, असं सांगतात. मी दर सोमवारी फोन करून विचारतो. मागच्या सोमवारी ऑफिसच्या कामात माझं राहून गेलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायकोने सांगितलं की तिने दुपारीच फोन केला, आणि त्यांनी उद्या पुन्हा करायला सांगितलं आहे.