चौथ्या ग्रहावर संपलेलं इंधन

क्लायंटचा कॉल संपला तसा विक्रम सरांनी लॅपटॉप मिटला.

"शनिवारी दुरुस्त बिल्ड द्यायचा. नाहीतर गेम दुसऱ्या स्टुडिओकडं जाणार."

"लोक नेमके कुठं सोडून जातायत?" मी विचारलं.

"चौथ्या ग्रहावर. तू गोदामं वाढवल्यापासून जास्तच."

राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओत आम्ही सहाजण. एवढा एकच गेम हातात होता. त्याची खेळायला तयार आवृत्ती म्हणजे बिल्ड. अंतराळात साम्राज्य उभं करायचं, ग्रह जिंकायचे, धातू आणि इंधन साठवायचं, जहाजं बांधायची. कुठली वस्तू किती निघावी आणि किती खर्च व्हावी, हे मी ठरवते. याला बॅलन्सिंग म्हणतात.

गोदाम भरलं की पुढचा माल वाया जायचा आणि खेळणारे वैतागायचे. म्हणून मीच मीटिंगमध्ये हट्टानं गोदामं दुप्पट करून घेतली होती. माझ्या शीटमध्ये सगळे आकडे बरोबर होते. दोन दिवस तपासले, चूक सापडेना.

शेवटी टॅब घेऊन खाली स्टुडिओच्या घरमालकांकडं गेले. बसगोंडा अण्णा एका फाउंड्रीतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले. गेम कधी खेळले नव्हते. तासभर मन लावून खेळले. चौथा ग्रह घेतला आणि त्यांची सगळी जहाजं जागच्या जागी थांबली. इंधन संपलं होतं.

"आत्ता तर नऊ हजार हुतं की," अण्णा म्हणाले. "ह्ये किती दिवस पुरंल, त्ये कुठं लिवलंय?"

"तसं लिहिलेलं नाही, अण्णा. शिल्लक दिसते की."

"नुसती शिल्लक बघून काय करू? कोक कोळसा संपून भट्टी थंड पडायच्या आधी मला कळाय पायजे. रोज लागतंय किती, त्ये सांग."

प्रत्येक नव्या ग्रहाबरोबर जहाजांचा रोजचा खर्च वाढत होता. तो आकडा माझ्या शीटमध्ये होता, खेळणाऱ्याच्या स्क्रीनवर नव्हता. गोदामं लहान होती तेव्हा ती भरली की लोक आपसूक साठलेला धातू वापरून इंधनाचे कारखाने बांधायचे. मी ती मोठी केली आणि लोक नुसता धातू साठवत बसले.

वर जाऊन सरांना सांगितलं, "चूक माझी आहे. गोदामं पूर्वीसारखी करू."

"क्लायंटला काय सांगू?"

"हेच सांगा."

सर फोन घेऊन गॅलरीत गेले. ते परत येईपर्यंत मी कीबोर्डला हात लावला नाही.

"शनिवार म्हणजे शनिवारच म्हणतोय. लागा कामाला," आत येत ते म्हणाले.

गोदामं लहान केली. प्रत्येक साठ्याशेजारी 'इतके दिवस पुरेल' अशी ओळ टाकली. तीन दिवसांच्या खाली आलं की ती लाल होते. शुक्रवारी अण्णा परत खेळले. लाल ओळ बघून थांबले, आधी इंधनाचा कारखाना बांधला, मग चौथा ग्रह घेतला.

"अक्षर बारीक हाय," एवढीच तक्रार केली. अक्षर मोठं केलं आणि शनिवारी बिल्ड दिला.

गेम आमच्याकडंच राहिला. लोक आता चौथा ग्रह ओलांडतात, सातव्यावर काहीजण सोडून जातात. तेवढं चालतं. आता बिल्ड पाठवण्याआधी तो कधीच गेम न खेळलेल्या एका तरी माणसाच्या हातात देते, आणि तो खेळत असताना स्वतः गप्प बसते. दुसरं जास्त अवघड आहे.