मातीच्या फौजेचे लेखी हुकूम

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नंतर सहीशिवाय लिहायचं काम पडलं नाही. पुन्हा लिहायला लागले ते लढाईसाठी.

आमचं गाव अड्याळच्या पलीकडे, तलावाच्या काठी. माझं लग्न झालं तेव्हा आणीबाणी लागायची होती. घरात सासूबाई, नवरा, मी आणि भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते लष्करात कारकून होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, पेन्शन घेऊन घरी आलेले. त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि कागद जास्त. तिकडे त्यांच्या एका साहेबाला जुन्या राजांच्या लढाया टेबलावर खेळायचा नाद होता. त्या खेळाचे इंग्रजी नियम भासऱ्यांनीच टाइप करून दिलेले. एक प्रत स्वतःसाठी ठेवली आणि गावी बसून शंभरपानी वहीत मराठीत उतरवली.

साहेबाकडे शिशाचे शिपाई होते. यांनी तलावाच्या चिकणमातीचे बोटभर शिपाई केले आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चिकटवले. एका तुकड्यावर चार भालेवाले, किंवा दोन घोडेस्वार, किंवा एक हत्ती. हत्ती डुकरासारखे दिसत.

पडवीत फौजा मांडून ते दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत. माझा नवरा एकदा बसला आणि उठला. "भाऊ, एवढ्या वेळात एक बांधी निंदून होते," म्हणाला. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. त्यापुढे त्याला दुसरं काही दिसत नसे.

पडवी सारवायची तर मला शिपाई उचलावे लागत. पुन्हा मी ते जागच्या जागी ठेवायची. एकदा मात्र डावीकडचे घोडे मी मुद्दाम टेकडीमागे ठेवले. टेकडी म्हणजे पालथं सूप. त्यांचा बेत मला चुकीचा वाटत होता.

आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नसे. त्यांच्यासमोर जायचंही नाही. म्हणून ते आईला म्हणाले, "माय, तिले विचार, घोडे कायले हलवले?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी दाराआडून म्हटलं, "आत्याबाई, त्याइले सांगा, उघड्यावर होते. बाणानं मेले असते."

"माय, तिले सांग, उद्या दुपारी दाराच्या आत बस अन् नियमानं खेळ."

"मी काय टपालवाली आहो तुमची?" सासूबाई म्हणाल्या. "दोघंही इथंच बसून राहिले, दोघाइलेही कान हायेत!"

दुसऱ्या दिवसापासून ते पडवीत, मी उंबऱ्याच्या आत पदर ओढून, आणि मधे दोन राजांच्या फौजा. त्या नियमांत एक गोष्ट पक्की होती. लढाईआधी प्रत्येक तुकडीचा हुकूम चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवायचा. चिठ्ठी उघडली की लिहिलं तेच करायचं. पहिल्या लढाईत मी हत्तींना 'थांबा' लिहिलं. समोर माझे भालेवाले मरत होते आणि हत्ती उभे.

"आत्याबाई, त्याइले सांगा, हत्तीले डोळे हायेत. त्याले दिसून राहिलं."

"माय, तिले सांग, लिवला हुकूम बदलत नाही."

मी हरले. दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडलं.

मग मी शिकले. फासा टाकून शिपायांचा धीर पाहायचा, शेजारची तुकडी पळाली तर त्यातून दोन वजा, पाठीशी सरदार असला तर एक अधिक. हिशेब मला जमे. अक्षर सुधारलं. पुढे मी चिठ्ठीत हुकमाखाली ओळ जास्तीची लिहू लागले. 'घोडे डावीकडून. तुमचा खोकला वाढला आहे.' उत्तर येई, 'भालेवाले जागेवर. काढा पुरे.' रोवण्याचे आणि कापणीचे दिवस सोडले तर वर्षानुवर्षं असं चाललं. सासूबाई गेल्यावर निरोप सांगायला कोणी उरलं नाही. राहिल्या चिठ्ठ्या. घरात मला माणूस समजून उत्तर देणारे भासरे तेवढेच होते. नवरा वाईट नव्हता, पण तो बैलांशी जास्त बोले.

गावात पहिला टीव्ही आला त्या सुमारास त्यांच्या लष्करातल्या एका दोस्तानं पोस्टानं नवे नियम पाठवले. बारा-बारा तुकड्या, तासाभरात लढाई, फासा पडेल तेवढ्या तुकड्या हलवायच्या. चिठ्ठ्या नाहीत. दोन दिवसांनी पडवीत तशी मांडणी झालेली दिसली. कागद-पेन्सिल कुठेच नव्हती.

मला राग आला. आधीच कितीतरी दिवस माझ्या ओळीला उत्तर येत नव्हतं. एवढी वर्षं खेळून माणसाला कंटाळा आला असेल तर तसं लिहावं. मी चिठ्ठी लिहून उंबऱ्यावर सरकवली.

त्यांनी ती उचलली. हात लांब करून पाहिली. मग नाकाशी आणली. मग घडी करून मांडीवर ठेवली आणि फासा हातात घेऊन बसून राहिले. दिव्यात तेल आहे का पाहावं तसे ते भर दुपारी त्या कागदाकडे पाहत होते, तेव्हा मला कळलं.

भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "अक्षरं दिसत नाहीत आता. सहा महिने झाले. अंदाजानंच खेळून राहिलो. नवे नियमही पोस्टमननं वाचून दाखवले."

सहा महिने मी खोकल्याचं, पायाच्या सुजेचं लिहीत होते. उत्तर येत नव्हतं ते यामुळे.

मी उंबऱ्याबाहेर आले. पदर होता तिथंच ठेवला, पुढे ओढला नाही. चिठ्ठी त्यांच्या मांडीवरून उचलली आणि मोठ्यानं वाचली. "नवे नियम मले नको. जुनेच ठेवा."

माझा आवाज त्यांनी दारामागून ऐकलाच होता, पण त्यांना उद्देशून तो पहिल्यांदा निघाला. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "ठेवू. पण माह्या चिठ्ठ्या कोण लिवल?"

"मी लिवतो," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

"मंग तुले माहे सगळे हुकूम कळतीन."

"कळू द्या. तसंही मीच जिंकतो."

ते हसले. शिपाई पुन्हा मांडायला संध्याकाळ झाली. नवरा शेतातून आला, अंगणातच थांबला आणि आम्हा दोघांकडे पाहत राहिला. मग बैल बांधायला गेला.

गावातल्या बायका बोलल्या. बोलू दिलं. नंतर तीन-चार वर्षं, ते होते तोवर, त्यांची चिठ्ठीही मीच लिहिली आणि दोन्ही मोठ्यानं वाचल्या, हुकमाखालच्या ओळीसकट.