आत्यांचा फोन

आत्यांबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. त्यांचं घर मी कधी पाहिलं नाही. त्यांना चहा आवडायचा की कॉफी, हेही सांगता येणार नाही. एकाच कंपनीत मी एसी आणि बॅटऱ्या सांभाळायचो, त्या डेटाबेस सांभाळायच्या. आमची गाठ पडायची ती सर्व्हरच्या थंड खोलीत, आणि तिथे कोणी फार वेळ थांबत नाही. पण दुसरं कोणी त्यांच्याबद्दल लिहील असं वाटत नाही, म्हणून बसलो आहे.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणत्या पेशंटचा नंबर कधी, कोणाला कोणतं औषध चालत नाही, ही सगळी माहिती डेटाबेसमध्ये. तो अडला की दवाखाने अडायचे आणि आत्यांकडचा फोन वाजायचा. फोन कंपनीचा, मागे चिकटपट्टी लावलेला. नियमाप्रमाणे तो दर आठवड्याला दुसऱ्याकडे जायला हवा. पण ऑफिसातली पोरं तो घेताना इतकी तोंडं वाकडी करायची की आत्याच म्हणायच्या, "राहू दे रे, उगाच कशाला." असा तो त्यांच्या गळ्यात पडला तो पडलाच. आत्या हे नावही पोरांनीच ठेवलेलं. मी वयानं मोठा, पण दुसरं काय म्हणावं ते न सुचल्यामुळे मीही आत्याच म्हणायचो.

घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. हे मला उशिरा कळलं. एकदा बॅटऱ्या बदलताना मी सहज म्हणालो, "चेहरा उतरलाय तुमचा."

"आईला भरवायला बसलं की हा वाजतो, काका. चमचा वाटीत ठेवून उठायचं. परत येईपर्यंत ती झोपलेली असते. पोट भरलं की कंटाळली, काही कळत नाही."

म्हणून त्यांनीच मॅनेजरच्या मागे लागून डेटाबेस क्लाउडवर न्यायला लावला. म्हणजे एका बाहेरच्या मोठ्या कंपनीच्या मशीनवर. राखण, दुरुस्ती, बॅकअप सगळं त्या कंपनीनं करायचं, आपण नुसता वापरायचा.

"आत्या, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय," पोरं चिडवायची.

"पडू दे. त्या निमित्तानं पाय वर करून बसता तरी येईल."

मॅनेजरनं शब्द दिला होता, सगळं नीट चाललं तर फोन दुसऱ्याकडे देऊ.

माहिती तिकडे न्यायला कितीतरी आठवडे लागले. आत्या वाळल्या. शेवटी काम झालं, आणि पुढच्याच सोमवारी सकाळी, दवाखाने गच्च भरलेले असताना, डेटाबेस बंद. झालं होतं असं, की त्या सेवेला आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी थोडी सवड द्यावी लागते, वेळ आपण निवडायची. आत्यांनी पहाटेची निवडली होती. पण तिथलं घड्याळ साऱ्या जगासाठी एकच असतं. त्या घड्याळाची पहाट म्हणजे आपल्याकडे भर कामाची वेळ.

डेटाबेस आपोआप परत सुरू झाला, पण तोवर बोलणी खाऊन झाली होती. "एवढ्यासाठीच नेला का तिकडे? फोन तूर्त तुमच्याकडेच राहू दे," मॅनेजर म्हणाला.

आत्या थंड खोलीत येऊन उभ्या राहिल्या. "घड्याळ बघितलं, काका. कोणाचं ते नाही बघितलं." आवाजात राग नव्हता. रागवायलाही अंगात काहीतरी त्राण लागतं.

त्यांनी वेळ बदलली. मग मात्र फोन गप्प झाला. बरेच दिवस गप्प राहिला. एके दिवशी मी मॅनेजरच्या खोलीत शिडीवर चढून एसीची जाळी काढत होतो, तेव्हा आत्या आल्या आणि फोन टेबलावर ठेवला.

मॅनेजर हसला. "आता वाजतो कुठे? राहू दे की तुमच्याकडेच, शोभेला!"

"वाजत नाही म्हणूनच देतेय. वाजत असता तर माझ्याच्यानं देववला नसता."

मॅनेजरनं वर माझ्याकडे पाहिलं. मी जाळीकडे पाहिलं. आत्या निघून गेल्या, फोन टेबलावर राहिला.

पुढे थंड खोलीतली मशीनं उचलून नेली, आणि त्यांच्याबरोबर माझंही काम संपत आलं. माझ्या शेवटच्या दिवशी आत्या दारात आल्या. खोली रिकामी, फक्त खिळ्याला त्यांचा इथल्या थंडीसाठी ठेवलेला स्वेटर.

"आई काल विचारत होती," त्या म्हणाल्या, "हल्ली फोन वाजत नाही गं? नोकरी गेली का?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, आधी जेव."

मी म्हणालो, "तुमचा स्वेटर राहिलाय."

"एसी चालू आहे अजून?"

"संध्याकाळी बंद करतो."

"मग संध्याकाळी नेते."